तीन वर्षांची छावणी

(अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात उभारलेल्या एका लष्करी छावणीचा हा इतिहास आहे. युद्धसाहित्य साठविण्यासाठी वसविलेली ही छावणी हजारो गुलामांना स्वातंत्र्याचे दार कशी ठरली, आणि त्या स्वातंत्र्याची केवढी किंमत सैनिकांच्या बायकामुलांना मोजावी लागली, हे ह्या पाठात सांगितले आहे.)

युद्धासाठी उभारलेली छावणी ही स्वभावतःच अल्पायुषी असते. मोहीम निघते तेव्हा तंबू उभे राहतात. मोहीम संपली म्हणजे ते उखडले जातात. आणि दोन पावसाळे उलटले की, जेथे हजारो माणसांचा राबता होता तेथे गवत वाढू लागते. अशा कितीतरी छावण्या होऊन गेल्या. त्यांची नावेही आज कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु अमेरिकेच्या केंटकी राज्यात १८६३ साली वसलेली आणि १८६६ साली मोडलेली एक छावणी मात्र विसरली गेली नाही. ती उभारली गेली शिधासामग्री आणि दारूगोळा साठविण्यासाठी. ती स्मरणात राहिली निराळ्याच कारणाने. तिचे नाव कॅम्प नेल्सन.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे आणि तंबाखूचे विस्तीर्ण मळे होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या कृष्णवर्णी लोकांचे वंशज त्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत असत. गुलामाच्या श्रमाचे मोल मालकाच्या पदरात पडे. त्याचे घर त्याचे नसे. इतकेच नव्हे, तर त्याची बायकामुलेही त्याची नसत. बाजारात गुरे विकावीत तशी माणसांची विक्री होई, आणि आई एका गावी तर लेकरू दुसऱ्या गावी अशी ताटातूट होई. १८६० साली अब्राहम लिंकन हे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. हा पुरुष गुलामगिरीच्या विस्ताराला आळा घालील, ह्या भयाने दक्षिणेकडील अकरा राज्ये एकामागून एक संघराज्यातून फुटून निघाली आणि १८६१ साली उत्तर व दक्षिण ह्यांच्यात यादवी युद्धाचा वणवा पेटला.

केंटकी हे राज्य ह्या दोहोंच्या सीमेवर वसलेले. लिंकन ह्यांचा जन्म ह्याच राज्यातला. तेथे सुमारे सव्वादोन लाख गुलाम होते. तथापि ते राज्य संघराज्यातून फुटले नाही. ह्या निष्ठेचा एक विलक्षण परिणाम झाला. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन ह्यांनी गुलामांच्या मुक्ततेचा सुप्रसिद्ध जाहीरनामा काढला; परंतु तो बंडखोर प्रदेशांपुरताच होता. केंटकी बंडखोर नसल्यामुळे तेथील गुलाम गुलामच राहिले! शेजारच्या राज्यात स्वातंत्र्याचा उदय झाला असता येथे मात्र रात्र संपत नव्हती.

त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात सेनापती बर्नसाइड हे पूर्व टेनेसी प्रांतावर स्वारी करण्याच्या तयारीत होते. सैन्य डोंगराळ मुलखातून जावयाचे, तर त्याच्या मागे रसदेचे भक्कम ठाणे हवे. त्यासाठी केंटकी नदीच्या काठावरील एक जागा निवडण्यात आली. दोन बाजूंना नदीचे आणि एका बाजूला हिकमन नावाच्या ओढ्याचे खोल पात्र. काठावर सुमारे चारशे फूट उंचीचे उभे कडे. आणि नदीवर जवळच एक जुना लाकडी पूल. निसर्गानेच तीन बाजूंनी तट बांधून ठेवलेला असल्यामुळे केवळ उत्तरेच्या बाजूला मातीचे बुरूज आणि खंदक घालावे लागले. १८६२ साली मृत्यू पावलेले सेनापती विल्यम नेल्सन ह्यांचे नाव त्या ठाण्याला देण्यात आले.

पाहता पाहता तेथे एक नगरच उभे राहिले. सुमारे चार हजार एकरांचा विस्तार आणि तीनशेहून अधिक लाकडी इमारती! धान्याची कोठारे, कपड्यांची भांडारे, सुतारांची व लोहारांची कामठाणे, घोड्यांचे व खेचरांचे तबेले, सातशे खाटांचे रुग्णालय, दिवसाला दहा हजार सैनिकांना पुरेल इतकी पाव-रोटी भाजणारा भटारखाना, असा तेथील थाट होता. पिण्याचे पाणी नदीत, आणि छावणी उंच पठारावर. तेव्हा वाफेच्या यंत्राने सुमारे पावणेपाचशे फूट उंचीवर पाणी चढवून ते पाच लाख गॅलनांच्या हौदात साठविण्याची आणि नळांनी सर्वत्र खेळविण्याची व्यवस्था करण्यात आली. त्या काळाच्या मानाने ही करामत थक्क करणारी होती.

परंतु हे बुरूज रचले कोणी? खंदक खणले कोणी, आणि रस्त्यांची खडी फोडली कोणी? ह्या कामाचा मोठा भार केंटकीतील गुलामांनी वाहिला. सरकारने मालकांकडून गुलाम कामासाठी घेतले. मजुरीचे पैसे मिळाले ते मालकांना. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेची छावणी पारतंत्र्यात असलेल्या हातांनी बांधली गेली.

युद्ध लांबले. फौजेला माणसे हवी होती. १८६४ च्या वसंत ऋतूत केंटकीतील गुलामांना सैन्यात घेण्यास आरंभ झाला. प्रथम अट अशी होती की, मालकाची संमती असली पाहिजे. पण जूनपासून ती अटही सुटली. जो गुलाम सैनिक म्हणून नाव नोंदवील तो त्या क्षणापासून स्वतंत्र, हा नियम होता. ही वार्ता झोपडीझोपडीतून कानोकानी पसरली, आणि राज्याच्या चारी बाजूंनी माणसे कॅम्प नेल्सनची वाट चालू लागली. वाट सोपी नव्हती. मालकांची माणसे पाळत ठेवून असत. डॅनव्हिल गावाहून मे महिन्यात सुमारे अडीचशे जण निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यावर दगडांचा वर्षाव केला; तरी ते छावणीत पोहोचलेच.

अशांपैकीच पीटर ब्रूनर हा एक तरुण. त्याने ह्यापूर्वी अनेकदा पळून जाण्याचा यत्न केला होता आणि प्रत्येक वेळी त्याला पकडून आणून शिक्षा झाली होती. १८६४ च्या जुलै महिन्यात तो पुन्हा निघाला. सुमारे चाळीस मैलांची ती वाट. मार्गात त्याला आपल्यासारखेच छावणीकडे निघालेले सोळा सोबती भेटले. छावणीत येण्याचे कारण विचारताच, आपण लढावयास आलो आहोत आणि आपणास बंदूक पाहिजे, असे त्याने सांगितले. ब्रूनर तोफखान्यात दाखल झाला. पुढे वृद्धपणी त्याने आपली जीवनकहाणी प्रसिद्ध केली. तीमुळे त्या दिवसांची हकीकत जगाला कळली.

कॅम्प नेल्सनमध्ये सुमारे दहा हजार कृष्णवर्णी सैनिकांची भरती झाली, आणि पायदळ, घोडदळ व तोफखाना मिळून आठ पलटणी तेथे उभ्या राहिल्या. कवायत, निशाणबाजी आणि पहारा ह्यांबरोबरच कित्येकांनी तेथे आयुष्यात प्रथमच अक्षरे गिरविली. त्यांच्या शौर्याची कसोटीही लवकरच लागली. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातील सॉल्टव्हिल ह्या मिठागरांच्या गावावर स्वारी झाली. तीत नव्यानेच भरती झालेले सुमारे चारशे कृष्णवर्णी घोडेस्वार होते. त्यांचे घोडे अशिक्षित. बंदुका पायदळाच्या, म्हणजे घोड्यावरून चालविण्यास गैरसोयीच्या. जाताना वाटेत गोरे सैनिक त्यांची कुचेष्टा करीत. कोणी टोप्या उडवीत, तर कोणी अपशब्द बोलत. ते सारे त्यांनी मुकाट्याने सोसले. रणात मात्र ते जिवावर उदार होऊन लढले. शंभराहून अधिक जण ठार वा जायबंदी झाले. मागे राहिलेल्या जखमींपैकी कित्येकांना शत्रूने निर्दयपणे मारले. परतीच्या वाटेवर कुचेष्टा करणारे ओठ मिटले होते. त्यांच्या सेनाधिकाऱ्याने ही गोष्ट आपल्या अहवालात आवर्जून नोंदवून ठेवली आहे.

सैनिक स्वतंत्र झाला. पण त्याच्या बायकामुलांचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याजवळ नव्हते. पती फौजेत गेला म्हणून संतापलेले मालक त्याच्या पत्नीला छळीत, फटके मारीत किंवा घराबाहेर काढीत. साहजिकच स्त्रिया, मुले आणि वृद्ध माणसे आपल्या माणसाच्या पाठोपाठ छावणीत येऊ लागली. मिळेल त्या फळकुटांच्या झोपड्या उभारून, सैनिकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून ती कशीबशी गुजराण करीत. लष्करी अधिकाऱ्यांना ही वस्ती नकोशी वाटे. त्यांना बाहेर काढण्याचे हुकूम पुनःपुन्हा सुटत. पण बाहेर जावयाचे ते कोठे? बाहेर मालकाचा चाबूक होता. म्हणून ती परत येत.

अखेर १८६४ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याचे प्रमुख सेनापती स्पीड फ्राय ह्यांनी सर्वांना घालवून देण्याचा कडक हुकूम दिला. थंडी अत्यंत कडाक्याची होती. शस्त्रधारी शिपायांनी सुमारे चारशे स्त्रिया व मुले गाड्यांत बसवून छावणीबाहेर नेली, आणि ती परत येऊ नयेत म्हणून त्यांच्या झोपड्या मोडून जाळून टाकल्या.

त्यांत जोसेफ मिलर नावाच्या सैनिकाची पत्नी आणि चार मुले होती. भरती होताना, तुझ्या कुटुंबाला येथे राहता येईल, असे आश्वासन एका अधिकाऱ्याने त्याला दिले होते. त्याचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. ह्या थंडीत बाहेर नेल्यास मुलगा दगावेल, अशी विनवणी मिलरने केली. परंतु गाडीत बसला नाहीत तर गोळी घालू, असे उत्तर मिळाले. रात्री तो कुटुंबाच्या शोधात सहा मैल चालत निकोलसव्हिल गावी गेला. एका जुन्या प्रार्थनागृहात अनेक कुटुंबे दाटीवाटीने बसली होती. शेकोटी एकच, तिच्याजवळ त्याच्या मुलांना जागा मिळाली नव्हती. आजारी मुलगा मरण पावला होता. छावणीतील नोकरीमुळे मिलरला त्याच रात्री परत फिरावे लागले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चालत आला, स्वतःच्या हातांनी त्याने खड्डा खणला, लेकराला मूठमाती दिली आणि पुन्हा तो आपल्या कामावर रुजू झाला.

मिलर लिहू शकत नव्हता. पण गप्प बसला नाही. २६ नोव्हेंबर रोजी त्याने शपथेवर सारी हकीकत सांगितली आणि ती लिहून घेतली गेली. तो शांत, साधा जबाब आजही वाचणाऱ्याचे काळीज पिळवटून टाकतो. छावणीतील कॅप्टन थेरॉन हॉल आणि धर्मोपदेशक जॉन फी ह्यांनी ह्या अन्यायाला वाचा फोडली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी झळकली, वरिष्ठांकडे पत्रे गेली, आणि देशभर संतापाची लाट उसळली. सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. घालवून दिलेल्यांना परत बोलावण्यात आले आणि त्यांच्यासाठी छावणीत आश्रयगृह उभारण्यात आले. घरे, भोजनशाळा आणि विद्यालय अशी तेथील योजना होती. परंतु तोवर चारशेपैकी १०२ जीव थंडीने आणि रोगाने गेले होते. मिलरचे उरलेले कुटुंब आणि स्वतः मिलर हेही पुढील काही आठवड्यांतच एकामागून एक मृत्युमुखी पडले.

त्यांचे मरण मात्र वाया गेले नाही. ३ मार्च १८६५ रोजी अमेरिकेच्या विधिमंडळाने कायदा केला की, कृष्णवर्णी सैनिकाची पत्नी आणि मुले हीही त्याच्याबरोबर स्वतंत्र होत. केंटकीतील हजारो कुटुंबांच्या बेड्या त्या कायद्याने तुटल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन अमेरिकेतील गुलामगिरीच कायद्याने नष्ट झाली.

कायदा बदलला तरी मने लवकर बदलत नाहीत, ह्याचाही अनुभव ह्याच छावणीने घेतला. जॉन फी हे एका गुलाममालकाचे पुत्र. परंतु गुलामगिरी हे पाप आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ह्या मतांमुळे त्यांना पूर्वी केंटकीतून हाकलून देण्यात आले होते. छावणीत त्यांनी शाळा चालविली आणि १८६५ साली बेल मिचेल ह्या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णी युवतीला शिक्षिका म्हणून नेमले. ती भोजनशाळेत इतर शिक्षकांच्या पंक्तीला बसली, तेव्हा बरेचसे गोरे शिक्षक व अधिकारी पानावर बसण्यास तयार होईनात. फी ह्यांनी तिला उठविण्यास साफ नकार दिला. परंतु पुढे ते परगावी गेले असता तिला कामावरून दूर करण्यात आले. बेल मिचेलने अध्यापनाचे व्रत मात्र सोडले नाही. पुढे लेक्सिंग्टन शहरी अनाथ बालकांसाठी आश्रम स्थापन करण्यात तिने पुढाकार घेतला.

पंक्तिभेदाची ही वेदना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. त्याच काळात पुण्यात महात्मा जोतीराव फुले हे शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी झटत होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कृष्णवर्णी गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थ त्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. सातासमुद्रांपलीकडे चाललेल्या त्या झगड्याचे मोल त्यांनी अचूक ओळखले होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, आणि छावणीचे काम संपत आले. १८६६ साली ती मोडण्यात आली. इमारतींचा लिलाव झाला; लाकूडफाटा लोकांनी नेला. आश्रयाला आलेल्यांपैकी बहुतेकांना तेथून जावे लागले. परंतु काही कुटुंबे हटली नाहीत. फी ह्यांनी तेथे जमीन विकत घेऊन तिचे तुकडे त्यांना दिले. जेथे सैनिकांच्या बायकामुलांच्या झोपड्या जाळण्यात आल्या होत्या, त्याच परिसरात त्यांनी स्वतःच्या मालकीची घरे बांधली.

आज त्या पठारावर गवताळ माळ आहे. मातीच्या बुरुजांचे उंचवटे, अधिकाऱ्यांच्या वापरातील एक शुभ्र घर, आणि थोड्या अंतरावर सैनिकांच्या समाधिशिलांच्या लांबच लांब रांगा एवढेच पूर्वीचे दिसते. २०१८ साली त्या स्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. छावणी अवघी तीन वर्षे नांदली. तिचे दार उघडले गेले ते लढणाऱ्या पुरुषांसाठी. पण स्वातंत्र्य हे कुटुंबातील एकालाच देऊन इतरांना नाकारता येत नाही, हे तेथे आलेल्या माउल्यांनी आणि लेकरांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन जगाला शिकविले.

शब्दार्थ

यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांचे आपापसांतील युद्ध. रसद – सैन्याला पुरवावयाची अन्नसामग्री व इतर साहित्य. कामठाणे – कारागिरांनी काम करण्याच्या जागा. भटारखाना – पाव-रोटी भाजण्याची जागा. जायबंदी – जखमी होऊन निकामी झालेला. जबाब – शपथेवर दिलेली हकीकत. पंक्तिभेद – जेवणाच्या पंगतीत केलेला उच्चनीच भेद. समाधिशिला – मृताच्या स्मरणार्थ उभारलेला दगड.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) कॅम्प नेल्सनला कोणाचे नाव देण्यात आले?
(आ) छावणीच्या कोणत्या बाजूला बुरूज बांधावे लागले?
(इ) पीटर ब्रूनरने छावणीत काय मागितले?

२. कारणे द्या :
(अ) मुक्ततेचा जाहीरनामा निघूनही केंटकीतील गुलाम गुलामच राहिले.
(आ) सॉल्टव्हिलहून परतताना कुचेष्टा करणारे गप्प झाले.
(इ) सैनिकांची बायकामुले हुकूम मोडून पुनःपुन्हा छावणीत येत.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) छावणीसाठी निवडलेल्या जागेचे वर्णन करा.
(आ) जोसेफ मिलरच्या जबाबाचा पुढे कोणता परिणाम झाला?
(इ) ‘कायदा बदलला तरी मने लवकर बदलत नाहीत’ हे विधान पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
जिवावर उदार होणे, वाचा फोडणे, काळीज पिळवटणे, पाऊल मागे घेणे.

५. ‘छावणी अवघी तीन वर्षे नांदली’ तरी ती स्मरणात का राहिली, ह्याविषयी तुमचे विचार दहा ओळींत लिहा.